साठ कुठून आले? : बालभारतीच्या गणित समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
गणित विषयतज्ज्ञ समिती,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे.



पहिलीची नवी पुस्तकं २०२५-२६ मध्ये मुलांच्या हाती पडली. नव्या अभ्यासक्रम आराखड्याप्रमाणे इयत्ता टप्प्याटप्प्याने बदलणार, म्हणजे आठवी, नववी आणि दहावीच्या गणितावरही आज ना उद्या तुमची लेखणी चालणार. ती चालण्याआधी एका पाठाबद्दल, खरं तर त्यातल्या एका पायरीबद्दल हे पत्र. माझी हयात नागपुरात वरच्या वर्गांना गणित शिकवण्यात गेली. निवृत्त झालो तरी संध्याकाळी वस्तीतली चार-सहा पोरं वह्या घेऊन ओसरीवर येऊन बसतात, त्यामुळे पुस्तकाशी संबंध सुटलेला नाही.

पाठ आहे वर्ग त्रिपदीच्या अवयवांचा. आठवीत तो पहिल्यांदा भेटतो, नववीत बहुपदींच्या प्रकरणात पुन्हा येतो, आणि दहावीत वर्गसमीकरणं सोडवायची पहिली रीत म्हणून मानाने मिरवतो. तीन वर्षं मुलं तेच करतात, आणि तीन वर्षं त्यांना त्यातलं मर्म सांगायचं राहून जातं.

उदाहरण समोर असलेलं बरं. ६क्ष² + १९क्ष + १० घ्या. (पुस्तकात एक्स असतो हे ठाऊक आहे; माझ्या हाताला क्षचं वळण आहे.) मुलं काय करतात? सहा दाहे साठ. आता गुणाकार साठ आणि बेरीज एकोणीस येईल अशा दोन संख्या शोधायच्या. पानाच्या उजव्या समासात कच्चं काम सुरू होतं: एक साठ, दोन तीस, तीन वीस, चार पंधरा. चार नि पंधरा एकोणीस, सापडलं! मग १९क्ष ची फोड १५क्ष + ४क्ष. दोन-दोन पदांचे गट करायचे, पहिल्यातून ३क्ष बाहेर, दुसऱ्यातून २ बाहेर, दोन्हीकडे कंसात २क्ष + ५ उरतं, आणि उत्तर येतं (२क्ष + ५)(३क्ष + २). काम सुबक आहे. बहुतेकांना जमतं, आणि जमतं म्हणूनच कोणी वळून पाहत नाही.

तरी दरवर्षी एखादं पोट्टं निघतंच. मागच्या बाकावरून विचारतं, "सर, साठ ठीक आहे, पण सहाने दहाला गुणायचं काहून? सहा तिकडे वर्गाचा, दहा इकडे एकटा. दोघांचं काय नातं?" प्रश्न सोळा आणे खरा आहे. त्यावर दिली जाणारी उत्तरं मी अनेक शिक्षकखोल्यांत ऐकली आहेत. रीतच तशी आहे. पुढच्या वर्गात कळेल. पेपरात कारण विचारत नाहीत. यातलं तिसरं सर्वांत प्रामाणिक म्हणायला हवं.

कारण मात्र दोन-तीन ओळींत मावणारं आहे. उत्तराकडून मागे यायचं. (२क्ष + ५)(३क्ष + २) चा गुणाकार करताना क्ष चे दोन तुकडे मिळतात. पहिल्या कंसातला २ दुसऱ्या कंसातल्या २ ला भेटतो आणि ४क्ष होतात. पहिल्यातला ५ दुसऱ्यातल्या ३ ला भेटतो आणि १५क्ष होतात. म्हणजे ४ च्या पोटात २ आणि २ आहेत, १५ च्या पोटात ५ आणि ३. आता ४ × १५ लिहायचं ते असं:

४ × १५ = (२ × २) × (५ × ३) = (२ × ३) × (५ × २) = ६ × १०

संख्या त्याच चार, फक्त जोड्या बदलल्या. क्ष चे सहगुणक एकमेकांना जोडले की ६, सुट्या संख्या एकमेकींना जोडल्या की १०, आणि तिरकस जोडल्या की ४ नि १५. कंसांत कुठल्याही संख्या असल्या तरी हे असंच होणार. मग मधल्या पदाच्या तुकड्यांचा गुणाकार टोकांच्या गुणाकाराइतका असलाच पाहिजे. मागच्या बाकावरच्या पोराला हवं होतं ते एवढंच. आठवीत पोचलेल्या मुलाला कंसांचे गुणाकार येत असतात, त्यामुळे यात नवं शिकवायचं काही नाही. आहे त्याच गोष्टीकडे बोट दाखवायचं आहे.

या एका ओळीच्या अभावी पुढे काय घडतं तेही पाहा. काही मुलांना शिकवणीत किंवा मोबाइलवर आणखी एक झटपट रीत मिळते: ६ उचलून १० वर नेऊन ठेवा, क्ष² + १९क्ष + ६० चे अवयव पाडा, (क्ष + १५)(क्ष + ४), मग दोन्ही संख्यांना ६ ने भागा आणि उरलेला छेद क्ष ला द्या. रीत बिनचूक आहे. पण ६ 'उचलून ठेवला' म्हणजे नेमकं काय केलं हे न कळल्याने अर्धी मुलं (क्ष + १५)(क्ष + ४) वरच थांबतात आणि उत्तराखाली दोन रेघा मारून मोकळी होतात. खरं कारण साधं आहे. सबंध त्रिपदीला ६ ने गुणा: ३६क्ष² + ११४क्ष + ६०. यात ६क्ष ला य म्हणा, तर ती य² + १९य + ६० होते. तिचे अवयव (य + १५)(य + ४), म्हणजे (६क्ष + १५)(६क्ष + ४). पहिल्यातून ३ बाहेर, दुसऱ्यातून २ बाहेर, बाहेर जमले ६, आणि सुरुवातीला आपणच गुणलेले ६ परत केले. हिशेब चुकता. उसने घेतलेले सहा परत करायचे असतात हे ज्याला दिसलं तो मध्येच थांबणार नाही.

आता या विषयाला नागपूरचा जो धागा आहे, तो या गावात राहून टाळता येत नाही. 'वैदिक गणित' म्हणून देशभर खपणारं पुस्तक १९६५ साली छापलं गेलं, त्याच्या सुरुवातीला लेखकाच्या आयुष्याविषयी जे निवेदन आहे ते नागपूरहून लिहिलेलं आहे. लेखक पुरीच्या गोवर्धन पीठाचे शंकराचार्य भारती कृष्ण तीर्थ. ते १९६० मध्येच वारले होते. त्यांच्या प्रेरणेने नागपुरात १९५३ साली श्री विश्व पुनर्निर्माण संघ स्थापन झाला होता, आणि त्याच्या मानद सरचिटणीस मंजुळा त्रिवेदी यांनी ते निवेदन लिहिलं. त्या पुस्तकात द्विघाती राशींच्या अवयवांना चक्क दोन प्रकरणं दिली आहेत.

रीत अशी. मधल्या सहगुणकाचे दोन भाग असे करा की पहिल्या सहगुणकाचं पहिल्या भागाशी जे गुणोत्तर, तेच दुसऱ्या भागाचं शेवटच्या पदाशी. आपल्या उदाहरणात १९ चे भाग ४ आणि १५. ६:४ म्हणजे ३:२, आणि १५:१० म्हणजेही ३:२. झाला पहिला कंस, ३क्ष + २. दुसरा कंस भागाकाराने: ६ भागिले ३ म्हणजे २, १० भागिले २ म्हणजे ५, म्हणून २क्ष + ५. पडताळाही दिला आहे: प्रत्येक कंसातल्या संख्यांच्या बेरजा गुणा, ५ × ७ = ३५, आणि त्रिपदीतले सहगुणक मिळवा, ६ + १९ + १० = ३५.

गणित म्हणून हे चोख आहे, आणि आपल्या पुस्तकातल्या रीतीपेक्षा एका बाबतीत सरस आहे. गट करून सामाईक काढताना दुसऱ्या गटात नेमका तोच कंस कसा उरतो, याची हमी गुणोत्तरातून दिसते: ६ ला ४ जसे, तसे १५ ला १०, म्हणून दोन्ही गट एकाच साच्याचे. आणि ६:४ = १५:१० याचाच दुसरा चेहरा म्हणजे ४ × १५ = ६ × १०. पडताळाही जादू नाही, क्ष च्या जागी १ ठेवला की तो मिळतो. अडचण आहे ती नावाशी. पुस्तकातल्या रीतींची सूत्रं अथर्ववेदाच्या परिशिष्टातली म्हणून सांगितली जातात; ती ज्ञात परिशिष्टांत सापडत नाहीत, हे पुस्तकाचे संपादक वासुदेवशरण अग्रवाल यांनीच नोंदवून ठेवलं आहे, आणि गणितज्ञ श्रीकृष्ण दाणी यांनी १९९३ साली सविस्तर लेख लिहून त्या वैदिकपणाचा फुगा फोडला. तेव्हा तुम्हाला विनंती अशी की रीत घ्या, लेबल ठेवा बाजूला. उद्या कोणी नव्या आराखड्यातल्या भारतीय ज्ञान परंपरेच्या कलमावर बोट ठेवून हे पुस्तक समितीपुढे आणलंच, तर त्या कलमाखाली दाखवायला आपल्याकडे याहून कितीतरी अस्सल ऐवज आहे. त्याच्याकडे येतोच. त्याआधी एक तक्ता.

क्ष² + बक्ष + क या त्रिपदीत ब आणि क दोघांना १ ते १० पर्यंतच्या किमती द्या. शंभर त्रिपदी होतात. वहीच्या एका पानावर दहा बाय दहाची घरं आखा आणि ज्या घरातल्या त्रिपदीचे पूर्णांकांत अवयव पडतात ते घर रंगवा. मी हे संध्याकाळच्या मुलांकडून करून घेतो. सुरू करण्यापूर्वी विचारतो, किती रंगतील? सत्तर, ऐंशी, एकाने तर पंच्याण्णव सांगितलं. रंगतात चौदा. ब = १ ची रांग कोरीच राहते, ब = ६ च्या रांगेत सर्वांत जास्त म्हणजे तीन घरं (क = ५, ८, ९), आणि ब = १० च्या रांगेत एकच, क = ९. क ला उणे १ ते उणे १० केलं तर आणखी कमी, बाराच.

मुलं गप्प होतात. साहजिक आहे. स्वाध्यायातली प्रत्येक त्रिपदी फुटतेच, ही त्यांची तीन वर्षांची खात्री असते. फुटली नाही तर चूक आपली, असं समजून ती जोड्या शोधत बसतात. जे गणित फुटत नाही तेही गणितच आहे, आणि 'पूर्णांकांत अवयव पडत नाहीत' हेही पूर्ण गुणांचं उत्तर असू शकतं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. फुटेल की नाही हे सांगणारा विवेचक दहावीत येतो, तोही समीकरणाच्या मुळांचं स्वरूप ठरवायला. आठवीतल्या अवयवांशी त्याचं काही घेणंदेणं आहे हे बहुतेकांना कळत नाही. आठवीच्या स्वाध्यायात दर पाचातली एक त्रिपदी न फुटणारी ठेवा, एवढं केलंत तरी वर्गातली हवा बदलेल. मुलं जोड्या शोधण्याआधी विचार करू लागतील.

पण न फुटणारी ओळखायची कशी? त्यासाठी दहावीपर्यंत थांबायचं कारण नाही. गुणाकार ६० आणि बेरीज १९ असलेल्या दोन संख्या हव्यात ना? बेरीज १९ तर सरासरी साडेनऊ. एक संख्या साडेनऊपेक्षा जेवढी मोठी, दुसरी तेवढीच लहान. त्या अंतराला द म्हणा. गुणाकार झाला (९.५ + द)(९.५ − द), म्हणजे ९०.२५ − द². तो ६० हवा, म्हणून द² = ३०.२५ आणि द = ५.५. संख्या १५ आणि ४. जोड्यांची यादी नाही, अंदाज नाही. दोन वर्गांच्या वजाबाकीचं सूत्र आठवीच्या मुलाच्या खिशात असतंच. द² चं वर्गमूळ नीट निघालं नाही की समजायचं, ही त्रिपदी पूर्णांकांत फुटणारी नव्हे. ज्या मुलाने हे दहादा केलं त्याला दहावीतला विवेचक ओळखीचा वाटेल, कारण द² ची चौपट म्हणजेच तो.

२०१९ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचे पो-शेन लो यांनी वर्गसमीकरण शिकवायचा मार्ग म्हणून ही मांडणी पुढे आणली, तेव्हा जगभर गाजावाजा झाला. स्वतः लो यांनी सांगून टाकलं होतं की यातल्या पायऱ्या बॅबिलोनियन लोकांपासून ठाऊक आहेत. आपल्या मुलांना मात्र ती 'अमेरिकन ट्रिक' म्हणून व्हिडिओतून कळते. दोन संख्यांची बेरीज आणि वजाबाकी दिली असता त्या संख्या काढायच्या, याला भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त संक्रमण म्हणतात, आणि वरच्या रीतीची शेवटची पायरी तीच आहे.

मघाशी म्हटलेला अस्सल ऐवज हा. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, 'सिद्धांतशिरोमणी' लिहिला ११५० मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. त्यातल्या 'बीजगणित' या भागात वर्गसमीकरणांचं प्रकरण आहे, नाव मध्यमाहरण. त्यात माकडांची दोन उदाहरणं आहेत, आणि ती आपल्या मुलांच्या पुस्तकात का नाहीत हे मला आजवर उमगलेलं नाही.

पहिलं असं. कळपाच्या आठव्या भागाच्या वर्गाइतकी माकडं रानात हुंदडताहेत, उरलेली बारा टेकडीवर आहेत. कळप केवढा? समीकरण मांडून आवरलं की क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० येतं. आता ७६८ च्या जोड्या शोधत बसा: १ आणि ७६८, २ आणि ३८४, ३ आणि २५६... एकूण नऊ जोड्या आहेत, आणि हवी ती आठव्या नंबरावर आहे. अर्ध्या बेरजेच्या रीतीने पाहा. सरासरी ३२, वर्ग १०२४, त्यातून ७६८ गेले, उरले २५६, वर्गमूळ १६. संख्या ४८ आणि १६. कळप अठ्ठेचाळिसांचाही असू शकतो आणि सोळांचाही, आणि दोन्ही उत्तरं गोष्टीत बसतात: ४८ चा आठवा भाग ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२, १६ चा आठवा भाग २, त्याचा वर्ग ४, अधिक १२.

दुसरं उदाहरण याला जोडून यायला हवं. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतं आहे. क्ष² − ५५क्ष + २५० = ०, उत्तरं ५० आणि ५. इथे भास्कराचार्य ५ नाकारतात, कारण पाचाचा पाचवा भाग एक, त्यातून तीन वजा कसे करायचे? वर्ग घेतला की बीजगणित गप्प बसतं, पण उणे दोन माकडांचा वर्ग करून चार माकडं गुहेत धाडणं त्यांना पटत नाही. बीजगणिताने दिलेलं प्रत्येक उत्तर गोष्टीला लावून पाहायचं असतं, हे शिकवायला याहून नेमका नमुना मला तरी सापडलेला नाही. सहगुणक मोठा असेल तेव्हाची युक्तीही तिथेच आहे, आणि ती भास्कराचार्यांनी आपली म्हणून सांगितलेली नाही, श्रीधराचार्यांच्या नावाने दिली आहे. वर्गपदाच्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा आणि मूळ मधल्या सहगुणकाचा वर्ग मिळवा. ६क्ष² + १९क्ष + १० ला २४ ने गुणलं तर ती (१२क्ष + १९)² − १२१ होते, म्हणजे (१२क्ष + ३०)(१२क्ष + ८). सामाईक बाहेर काढा, २४ परत करा, तेच दोन कंस हाती. श्रीधराचार्यांचं बीजगणित आज उपलब्ध नाही. भास्कराचार्यांनी त्यांचा नियम उद्धृत करून ठेवला म्हणून तो आपल्यापर्यंत आला.

याचा अर्थ 'सगळं आमच्याकडेच होतं' म्हणून ढोल बडवा असा नाही. पाठाच्या कोपऱ्यात रंगीत चौकट, त्यात पगडीवाल्या ऋषीचं काल्पनिक चित्र आणि खाली जन्मसाल, असल्या चौकटी मुलं वाचत नाहीत. परीक्षेला नसतात, वाचतील कशाला? चाळीसगावजवळच्या पाटण इथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापन केला आणि त्याला देणग्या मिळाल्या, असं त्यात कोरलं आहे. भाऊ दाजी लाडांनी तो एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांपुढे आणला. नातवाने आजोबांची गणितं शिकवायची सोय केली होती. आपण निदान त्यांची माकडं तरी स्वाध्यायात घ्यावी.

आता हाताने करायच्या गोष्टीकडे. जुन्या लग्नपत्रिका घराघरात पडलेल्या असतात. त्यांच्या जाड पुठ्ठ्याचे तीन प्रकारचे तुकडे कापा: साडेनऊ सेंटिमीटर बाजूचा मोठा चौरस, साडेनऊ बाय दोनच्या पट्ट्या, आणि दोन बाय दोनचे लहान चौरस. मोठा म्हणजे क्ष², पट्टी म्हणजे क्ष, लहान म्हणजे १. एक मोठा, सात पट्ट्या आणि बारा लहान देऊन सांगा, सगळे वापरून एकच आयत रचा. मोठ्या चौरसाच्या एका बाजूला चार पट्ट्या, दुसऱ्या बाजूला तीन, आणि कोपऱ्यात तीन बाय चारची जागा बरोबर बारांनी भरते. आयताच्या बाजू क्ष + ४ आणि क्ष + ३. आता एक लहान चौरस काढून घ्या. अकरांत तो कोपरा भरत नाही, एक घर रिकामं राहतं. पट्ट्या पाच-दोन अशा वाटल्या तर कोपऱ्यात दहाच मावतात आणि एक हातात उरतो. 'फुटत नाही' हे मूल डोळ्यांनी पाहतं. एक सूचना मात्र शिक्षक हस्तपुस्तिकेत ठळक छापा: मोठ्याची बाजू लहानाच्या बाजूच्या पूर्ण पटीत ठेवू नका. आठ आणि दोन अशी मापं घेतली तर मुलं एका पट्टीच्या जागी चार लहान चौरस बसवून भलताच आयत रचतात, आणि क्ष म्हणजे चार अशी समजूत करून घेतात. उणे पदांना हा खेळ ओढूनताणून लावायला जाऊ नये, असंही माझं मत आहे. धन पदांपुरता तो सुंदर आहे, तिथेच सोडावा.

तुम्ही म्हणाल, वेळ कुठे आहे? विदर्भात तर ती तक्रार आम्हीच करायची, उन्हापायी आमच्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. पण वेळ खातो तो स्वाध्याय. एकाच साच्याची वीस गणितं सोडवण्यापेक्षा आठ सोडवावी आणि एक तास पुठ्ठ्याला, एक तक्त्याला द्यावा. माझा अनुभव असा की ज्यांना साठ कुठून आले हे कळलं त्यांना विसाची गरज पडत नाही.

गुणदानाचं सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, कारण पुस्तकात काहीही छापा, मुलं शिकतात ते ज्याला गुण मिळतात ते. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने शाळेच्या चाचणीत 'अवयव पद्धतीने सोडवा' हा प्रश्न अर्ध्या बेरजेच्या रीतीने सोडवला. अवयव बरोबर, मुळं बरोबर, पडताळाही दिलेला. तरी निम्मे गुण गेले. समासात लाल शाईत शेरा होता: मधल्या पदाची फोड दाखवली नाही. शाळेचं नाव घेत नाही, कारण ही एका शाळेची गोष्ट नाही आणि तपासणाऱ्या बाईंना दोषही देत नाही. त्यांच्यापुढच्या नमुना उत्तरात पायऱ्या ठरलेल्या, त्या पायऱ्यांना गुण ठरलेले. पोरगी दुसऱ्या दिवशी म्हणाली, "जाऊ द्या सर, मी आता फोडच करत जाईन." तेव्हा पुस्तकातच, स्वाध्यायाच्या डोक्यावर एक वाक्य छापा की अवयव कोणत्याही योग्य रीतीने पाडले तरी चालतील, आणि परीक्षा मंडळाकडे तसं लेखी कळवा. त्या वाक्याचा आधार घेऊन पालक भांडू शकतील.

काही जण याहून पुढे जाऊन म्हणतात की सूत्र असताना अवयवांचा खटाटोपच कशाला, काढूनच टाका. मला ते पटत नाही. अपूर्णांकी राशींना संक्षिप्त रूप देताना, राशी कुठे धन आणि कुठे ऋण हे पाहताना, पुढे बारावीत संकलन करताना कंसच कामाला येतात. शिवाय जोड्या शोधताना संख्यांशी जी सलगी होते ती सूत्रात किमती भरून होत नाही. अवयव राहू द्या. फक्त त्यांचा पाढा होऊ देऊ नका.

शेवटी नववीच्या पुस्तकासाठी एक भेट. क्ष² + ५क्ष + ६ चे अवयव पडतात, (क्ष + २)(क्ष + ३). चिन्ह बदलून क्ष² + ५क्ष − ६ केलं तरी पडतात, (क्ष + ६)(क्ष − १). दोन्ही चिन्हांना फुटणाऱ्या अशा जोड्या दुर्मीळ आहेत. आणखी एक: क्ष² + १३क्ष + ३० म्हणजे (क्ष + १०)(क्ष + ३), आणि क्ष² + १३क्ष − ३० म्हणजे (क्ष + १५)(क्ष − २). मुलांना विचारा, ५ नि ६, १३ नि ३०, हे आकडे कुठे पाहिलेत? काटकोन त्रिकोण ३-४-५ चा कर्ण ५ आणि क्षेत्रफळ ६. त्रिकोण ५-१२-१३ चा कर्ण १३, क्षेत्रफळ ३०. मग ८-१५-१७ घ्या, कर्ण १७, क्षेत्रफळ ६०. क्ष² + १७क्ष + ६० म्हणजे (क्ष + १२)(क्ष + ५), आणि क्ष² + १७क्ष − ६० म्हणजे (क्ष + २०)(क्ष − ३). पायथागोरसचा सिद्धांत भूमितीच्या पुस्तकात आणि अवयव बीजगणिताच्या, असे दोन वेगळे भाग करून आपण मुलांना देतो; इथे ते एका ओळीत भेटतात. काटकोनाच्या दोन बाजू प आणि फ धरल्या तर कर्णाच्या वर्गात क्षेत्रफळाची चौपट मिळवली की (प + फ)² येतो आणि वजा केली की (प − फ)². बाकीची सिद्धता पुस्तकात देऊ नका, तेवढी जागा कोरी सोडा.



आपला,
एक निवृत्त गणित शिक्षक, नागपूर